रक्षकाचा रक्षक

कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरांवर, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तिरुविडैमरुदूर नावाचे गाव आहे. श्रीशैलचा मल्लिकार्जुन महाराष्ट्रातील भाविकांच्या परिचयाचा आहे. त्याच मालिकेत तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामीला ‘मध्यार्जुन’ असे म्हणतात. या देवळाची एक आख्यायिका तंजावर प्रांतात घरोघर सांगितली जाते. वरगुण पांड्य नावाचा राजा रात्री घोड्यावरून जात असता वाटेत निजलेला एक ब्राह्मण टापांखाली सापडून मरण पावला. राजाला त्याची जाणीवही नव्हती; तरी ब्रह्महत्या त्याच्या पाठीस लागली आणि सावलीसारखी त्याचा छळ करू लागली. शेवटी तो या देवळाच्या पूर्वद्वाराने आत शिरला. ब्रह्महत्या दाराशीच थबकली. राजा दुसऱ्या दाराने बाहेर पडला आणि त्या पीडेतून मुक्त झाला. आजही भाविक पूर्वेच्या दाराने आत जातात आणि त्याच दाराने परत येत नाहीत. मनाच्या व्याधीने पछाडलेल्या माणसांना त्यांचे आप्त येथे घेऊन येतात आणि बाहेरच्या प्राकारातून प्रदक्षिणा घालतात.

आख्यायिकेकडे इतिहास म्हणून पाहण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. हातून कृत्य घडले, पण मनाला त्याचे भान नव्हते. अशा माणसाला अपराधी म्हणावयाचे की पीडित? आणि जो स्वतःची बाजू स्वतः मांडू शकत नाही, त्याला देवळाच्या दारापर्यंत आणणाऱ्या हातांवर विश्वास कितपत ठेवावयाचा? आणणारा आप्त मायेने आणतो की ओझे टाकण्यासाठी आणतो, हे दाराला कळत नाही. ते कोणाला तरी विचारावे लागते. वय झाल्यामुळे, मन ढळल्यामुळे अथवा परिस्थितीने कोंडल्यामुळे जे प्रौढ असूनही असहाय आहेत, त्यांचे रक्षण कोणी करावे, आणि त्या रक्षकाला जाब कोणी विचारावा, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाची अनेक उत्तरे तंजावरने पाहिली आहेत, आणि त्यांतील काही मराठी राजवटीतील आहेत.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याचे राजे तुळजाजी १७८७ साली मृत्युशय्येवर होते. त्यांना पुत्र नव्हता. म्हणून त्यांनी भोसलेकुळातील एक मुलगा दत्तक घेतला होता. हेच पुढे कीर्तिमान झालेले सरफोजीराजे. मुलगा वयाने लहान, राण्या पडद्यातील. तुळजाजींनी मुलाचे पालकत्व श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने स्वीकारावे अशी इच्छा व्यक्त केली. श्वार्ट्झ यांनी ती जबाबदारी घेतली नाही. राजांचे बंधू अमरसिंह यांच्याकडे ती द्यावी असे सुचविले. सल्ला व्यवहाराचा होता. चुलता हा पुतण्याचा स्वाभाविक पालक, असे कोणालाही वाटेल.

परंतु ज्याच्या हाती रक्षण सोपविले, त्याचाच लाभ रक्षिताच्या हानीत होता. दत्तकविधान शास्त्रसंमत नाही असा पंडितांचा निर्णय पुढे करून अमरसिंह स्वतःच गादीवर आले. मुलाला कोंडून ठेवण्यात आले, त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांनाही त्रास सोसावा लागला. तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे वारंवार दाद मागितली. १७९३ साली सरफोजी आणि राण्या यांना संरक्षणासाठी मद्रासला हलविण्यात आले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला आणि १७९८ साली सरफोजींना गादी मिळाली. अमरसिंहांना नेमणूक देऊन दूर करण्यात आले. त्यांनी आपले शेवटचे दिवस त्याच तिरुविडैमरुदूर गावी काढले.

या प्रकरणात कंपनी सरकारचा स्वार्थ नव्हता असे नाही. गादीवर बसविलेल्या राजाकडून १७९९ साली राज्याचा कारभारच तिने आपल्या हाती घेतला. तथापि येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. मुलाचे आणि राण्यांचे रक्षण झाले ते कोणत्याही नियमामुळे नव्हे, तर बाहेरचा एक माणूस चिकाटीने प्रश्न विचारीत राहिला म्हणून. तो नसता, तर विचारणारे कोणीच नव्हते.

स्वतः सरफोजींनी हा अनुभव विसरला नाही असे त्यांच्या कारभारावरून वाटते. राज्य गेले तरी तंजावरचा किल्ला आणि धर्मादाय यांकडे त्यांचे लक्ष राहिले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र आणले. रोग्यांच्या नोंदी ठेवविल्या आणि अनुभवसिद्ध औषधयोग तमिळ पद्यात ग्रथित करविले. तंजावरहून दक्षिणेस जाणाऱ्या यात्रामार्गावर मराठी राजांची अन्नछत्रे होती. ओरतनाडू येथील मुक्तांबापुरचे छत्र सरफोजींनी उभारले. वाटसरूला जेवण, आजाऱ्याला वैद्य आणि औषध, बाळंतिणीला आसरा, अनाथ मुलांना शिक्षण अशी त्या छत्रांची व्यवस्था असे. लंगडे, आंधळे आणि निराधार यांना छत्राच्या दारातून परत पाठविले जात नसे. या छत्रांची उत्पन्ने कंपनीने हिरावून घेऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंटास कळकळीचे पत्र लिहिले होते.

ही दया खरी होती, आणि तिची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पण दयेला एक मर्यादा असते. ती देणाऱ्याच्या मर्जीवर आणि आयुष्यावर अवलंबून असते. छत्रात जेवावयास आलेल्या आंधळ्याला ‘हे माझे आहे’ असे म्हणता येत नाही. राजा बदलला, उत्पन्न आटले, की पंगत उठते. ही मर्यादा किती कठोर असू शकते, हे सरफोजींच्या पुत्राच्या मरणानंतर त्याच राजवाड्यातील स्त्रियांना अनुभवावे लागले.

शिवाजीराजे, म्हणजे तंजावरचे शेवटचे मराठी राजे, २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्राविना निवर्तले. मागे अनेक राण्या आणि कन्या राहिल्या. कंपनीने राज्य खालसा केले, आणि तेवढ्यावर न थांबता १८५६ च्या ऑक्टोबरात राजवाड्यावर पहारे बसवून, कोठारांना सील ठोकून, राजांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. जडजवाहीर, ग्रंथ, शेती, एवढेच नव्हे तर स्त्रियांच्या निर्वाहाची साधनेही त्यात आली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. त्यांची बाजू जॉन ब्रूस नॉर्टन या बॅरिस्टरांनी मांडली. हेच नॉर्टन पुढे मद्रासचे ॲडव्होकेट जनरल झाले. मद्रासच्या न्यायाधीशांनी राणीच्या बाजूने निर्णय दिला. परंतु अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले, आणि तेथे १८५९ साली तो निर्णय फिरला. मालमत्तेचा ताबा ही राज्यसत्तेची कृती होय. ती न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. पुढे १८६२ साली सरकारने कृपा म्हणून खाजगी मालमत्ता ज्येष्ठ राणीच्या हवाली केली.

कृपेने का होईना, मालमत्ता परत आली. पण तिच्या मागोमाग राण्यांमध्ये आपसांत वाद उभा राहिला, आणि १८६८ साली मद्रास हायकोर्टाला एक महत्त्वाचे तत्त्व सांगावे लागले. ज्येष्ठ राणीकडे व्यवस्था असली तरी उपभोगाचा हक्क सर्व राण्यांचा आहे, हे ते तत्त्व. व्यवस्था पाहणारा म्हणजे मालक नव्हे. एवढी साधी गोष्ट, पण असहाय प्रौढांच्या रक्षणाचा सारा कायदा तिच्यावर उभा आहे. घरातील आजारी भावाच्या नावे असलेली जमीन जो कसतो, विसरभोळ्या झालेल्या वृद्ध आईचे पेन्शन जो उचलतो, त्या प्रत्येकाला हेच सांगावे लागते.

राण्यांचा खटला चालू होता त्याच सुमारास, १८५८ साली, हिंदुस्थानात मनोरुग्णांविषयी तीन कायदे झाले. एक सुप्रीम कोर्टांच्या हद्दीतील मनोरुग्णांच्या मालमत्तेसाठी, दुसरा जिल्हा न्यायालयांसाठी आणि तिसरा वेड्यांच्या इस्पितळांसाठी. मद्रासमध्ये असे इस्पितळ त्यापूर्वीच, १७९४ साली, निघाले होते. पुढे १९१२ चा कायदा आला आणि तो स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालला. या कायद्यांची दृष्टी काय होती? रोग्याची मालमत्ता सुरक्षित राहावी आणि समाज रोग्यापासून सुरक्षित राहावा, ही. स्वतः रोग्याला काय वाटते, त्याला कोणी मारते की काय, तो बरा झाला तर घरी केव्हा जाणार, हे प्रश्न मागेच राहत. त्याला ताब्यात घेण्याची वाट रुंद होती, सुटण्याची अरुंद.

ती किती अरुंद होती, हे सर्वोच्च न्यायालयासमोर १९८२ साली आलेल्या बिहारच्या प्रकरणात दिसले. हजारीबागच्या तुरुंगात मनोरुग्ण म्हणून ठेवलेली काही माणसे बरी होऊनही वर्षानुवर्षे तेथेच होती. कोणाची वीस, कोणाची तीस वर्षे तशीच गेली. त्यांना सोडावयास कोणाचा विरोध नव्हता. कोणी विचारलेच नव्हते. पुढे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी चालविलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली स्पष्ट सांगितले की, ज्यांनी अपराध केलेला नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. तुळजाजींच्या राण्यांसाठी श्वार्ट्झ यांनी जे केले, तेच येथे एका पत्रकार स्त्रीने केले. फरक इतकाच की, या वेळी उत्तर कृपेने नव्हे, हक्काने मिळाले.

मात्र प्रत्येक तुरुंगापर्यंत, प्रत्येक कोंडलेल्या खोलीपर्यंत पत्रकार पोचू शकत नाही. रोजच्या व्यवहारात हा प्रश्न विचारण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांत पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्याबरोबर सरकारी वकील हा एक महत्त्वाचा माणूस आहे. सरकारी वकील म्हणजे आरोपीला शिक्षा मिळवून देणारा माणूस, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. खाजगी वकील पक्षकाराचा असतो. सरकारी वकील कोणा एकाचा नसतो. न्यायालयापुढे सत्य यावे, मग ते फिर्यादीला सोयीचे असो वा नसो, हे त्याचे कर्तव्य आहे. न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेण्याचा अधिकारही कायद्याने त्यालाच दिला आहे, आणि तो त्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने वापरावा अशी अपेक्षा आहे.

ज्याचे मन ढळले आहे असा माणूस त्याच्यापुढे तीन रूपांनी येतो. पहिले रूप आरोपीचे. १८६० च्या दंडसंहितेतील ८४ व्या कलमाने असे ठरविले होते की, मनोविकृतीमुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा आपण करतो ते वाईट अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद २२ व्या कलमात आहे. वरगुण पांड्याच्या गोष्टीतील न्याय येथे कायद्याच्या भाषेत उतरला आहे, असे म्हणता येईल: भान नसताना घडलेल्या कृत्याचे पाप दाराबाहेरच राहावयास हवे.

पण भान नव्हते हे दाखवावयाचे कसे? गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली याची फोड केली. पाहावयाचे ते कृत्याच्या क्षणी मनाची स्थिती कशी होती हे. आणि ते आधीच्या, त्या वेळच्या व नंतरच्या वागणुकीवरून ताडावयाचे. वेडेपणाचा बचाव आरोपीने मांडावयाचा असला, तरी दुष्ट हेतू होता हे सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावरच अखेरपर्यंत राहतो; त्या हेतूविषयी रास्त शंका उरली तर तिचा लाभ आरोपीला मिळतो. राजस्थानातील खटल्यात २००७ साली न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: तपासात पूर्वीच्या मनोविकाराचा मागमूस लागला, तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे प्रामाणिक तपासाचे कर्तव्य होय. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाच्या हातून पत्नीचा वध झाला होता. दोन्ही खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याच्या आजाराचा, घराण्यातील मनोविकाराचा, चाललेल्या उपचारांचा आणि भरदिवसा कृत्य करूनही त्याने पळण्याचा प्रयत्न केला नाही याचा एकत्र विचार केला, आणि त्याला दोषमुक्त केले. असा पुरावा जर पहिल्याच दिवशी सरकारी वकिलाने मागविला, तर आजारी माणसाची कितीतरी वर्षे वाचतील. दोषमुक्तीचा अर्थ मोकाट सोडणे असाही नव्हे. न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी उपचारासाठी ठेवते, किंवा काळजीची हमी घेणाऱ्या आप्ताच्या हवाली करते.

दुसरे रूप साक्षीदाराचे. मनोरुग्ण अथवा मतिमंद व्यक्तीवर अत्याचार झाला, तर तो सांगणार कोण? अत्याचार करणाऱ्याचा सर्व भरवसा याच गोष्टीवर असतो की, हिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. वस्तुतः कायद्याने मनोरुग्णाची साक्ष कधीच सरसकट नाकारली नव्हती; प्रश्न समजून घेऊन त्यांचे सुसंगत उत्तर देता येते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या पीडितेच्या साक्षीला कमी दर्जाची समजू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात २०२२ साली मनोविकार असलेल्या व्यक्तींचा समावेश ‘असुरक्षित साक्षीदार’ या वर्गात केला गेला, आणि त्यांच्या साक्षीसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी, निवांत जागा असावी असा आदेश झाला. आरोपीची नजर पडणार नाही अशी खोली, सोप्या शब्दांत विचारलेला प्रश्न, मध्ये विश्रांती, ओळखीच्या माणसाची सोबत. या सोयी मागावयाच्या असतात, आणि त्या मागण्याचे काम सरकारी वकिलाचे आहे. त्याने घाई केली तर साक्षीदार गप्प होतो, आणि त्याच्या मौनाबरोबर खटलाही संपतो.

तिसरे रूप सर्वांत दुबळे. हा माणूस आरोपीही नाही आणि साक्षीदारही नाही. तो फक्त कोंडलेला आहे. तंजावरच्या दक्षिणेस, समुद्रकाठी, रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एक प्रसिद्ध दर्गा आहे. तिरुविडैमरुदूरच्या देवळात जसे, तसेच तेथेही मनोरुग्णांना आणण्याची रीत. त्यांना ठेवून घेण्यासाठी भोवती खाजगी निवास निघाले. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांतील एका झापांच्या निवासाला आग लागली. रोग्यांचे पाय साखळदंडांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे दगावली. त्यांना तेथे आणून ठेवणारे परके नव्हते. आईबाप, भाऊ, पती होते. निवासाचे चालक पैसे घेत होते आणि स्वतःला सेवक म्हणवीत होते. साखळ्या सर्वांना दिसत होत्या. त्यांविषयी कोणी विचारीत नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांतील बातम्यांवरून आपण होऊन दखल घेतली, देशभरातील अशा निवासांची पाहणी करावयास लावली आणि कोणालाही साखळीने बांधू नये असे आदेश दिले. फौजदारी खटला चालला, आणि २००७ साली निवासाचा मालक व त्याचे नातलग यांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. शिक्षा आवश्यक होती. पण ती आगीनंतर आली. आगीपूर्वी विचारणारा माणूस निर्माण करणे, हे कायद्याचे पुढचे काम होते.

ते काम २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हाती घेतले. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. १९८७ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्यात साफ मनाई आहे. बेवारस भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण आढळला, तर ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत पोचवावयाचे असते. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कोणा मनोरुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत आहे असे अधिकाऱ्याला सकारण वाटले, तर त्याने ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवावे लागते. आणि ही खबर शेजारपाजारचा कोणीही नागरिक देऊ शकतो. आजारी माणसाने आपला प्रतिनिधी स्वतः नेमावा, नको वाटल्यास बदलावा, आणि पुढे आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार व्हावेत हे शहाणपणी लिहून ठेवावे, अशी तरतूद आहे. प्रतिनिधीचे काम साहाय्य करण्याचे. मालकी गाजविण्याचे नव्हे. आणि या साऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठी पुनर्विलोकन मंडळे नेमावयाची आहेत. अमरसिंहांना पालक नेमताना १७८७ साली जे कोणाला सुचले नाही, ते येथे लेखी झाले आहे. पालकावर विश्वास ठेवावा, पण त्याला जाब विचारणारी जागाही असावी.

आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीही याच कायद्याने बदलली. असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावयाचे, त्याच्यावर खटला भरावयाचा नाही, आणि त्याची काळजी व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य मानावयाचे. नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम त्या रूपात राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरताच अपराध उरला आहे. पूर्वी ज्याला इस्पितळातून उठताच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागे, त्याच्याविषयी आज सरकारी वकिलाला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो असा: याला उपचार मिळाले काय?

यावरून देवळे आणि दर्गे बंद करावेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. तमिळनाडूतीलच एका देवळात राहावयास आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषधाविना, केवळ काही आठवडे देवळाच्या शांत आणि आपुलकीच्या वातावरणात राहून, त्यांची लक्षणे सरासरीने सुमारे एक-पंचमांशाने उतरली होती. मात्र तेथे कोणाला बांधले नव्हते, कोणाला टाकूनही दिले नव्हते. प्रत्येकाबरोबर घरचे माणूस राहत होते. औषधाची जागा देऊळ घेऊ शकणार नाही. पण आजारी माणसाला माणसांत ठेवणे हाही उपचाराचा भाग आहे, एवढे यावरून समजावे. म्हणूनच तमिळनाडूत काही श्रद्धास्थानांच्या जवळ मनोविकारतज्ज्ञ बसविण्याचा जो उपक्रम झाला, तो शहाणपणाचा होय. नवस करणाऱ्याला नवस करू द्यावा, आणि त्याच दारात त्याला वैद्यही भेटावा.

तिरुविडैमरुदूरच्या देवळात मराठा राजकुळातील एका स्त्रीने नवसाने अर्पिलेली दीपलक्ष्मीची धातुमूर्ती आहे. हातात दिवा घेऊन ती उभी आहे. तिच्यापुढून रोज कितीतरी माणसे आपल्या आजारी आप्तांचा हात धरून जातात. त्यांतील बहुतेकांच्या मनात माया असते, थकवा असतो. क्वचित जमिनीच्या तुकड्याचा हिशेबही असतो. मायेला कायद्याची गरज नाही, आणि थकव्याला मदतीचा हात हवा. परंतु तो जो क्वचित असणारा हिशेब, त्याच्यासाठी कोणीतरी शांतपणे विचारणारा असावा लागतो: याच्या अंगावर वळ कसले? हा किती दिवस या खोलीत आहे? याच्या नावची जमीन कोण कसतो? आणि याला स्वतःला काय हवे आहे, हे त्याला कोणी विचारले आहे काय? जिल्ह्याच्या गावी, न्यायालयाच्या एका लहानशा खोलीत, कागदांच्या ढिगामागे बसलेला सरकारी वकील हे प्रश्न विचारतो, तेव्हा सरफोजीराजांच्या छत्रातील दयेला हक्काचे रूप येते.